घाटोळ सरांची दोन घड्याळं

शोभाताई घाटोळांच्या मनगटावर, हिरव्या बांगड्यांच्या मागे, एक भलंमोठं काळं घड्याळ असतं. पुरुषी, पाणबुड्यांनी घालायचं. दोनशे मीटर पाण्यात उतरलं तरी आत थेंब जात नाही म्हणे. ते घालून त्या भाकरी थापतात, भांडी घासतात, नवऱ्याला कुशीवर वळवतात. त्याच्याच जातीचं दुसरं, निळं घड्याळ त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे घाटोळ सरांच्या डाव्या मनगटावर आहे. काळं कधी थांबत नाही. निळं बहुतेक वेळ बंदच असतं, कारण सरांचा तो हात दिवाळीपासून लुळा पडलाय आणि ही दोन्ही घड्याळं हात हलला तरच चालणारी आहेत. निळं घड्याळ सरांच्या स्वतःच्या हालचालीनं चालू होतं की नाही, यावर आता त्या घराचं सगळं अडून बसलंय.

एवढंच सांगितलं तर तुम्हाला सरांची दया येईल. ती इतक्या स्वस्तात येऊ नये म्हणून पहिल्यापासून सांगते. देऊळगाव राजाच्या आमच्या शाळेत एकोणीस वर्षं मी त्या माणसाच्या समोरच्या खुर्चीत बसले. ते विज्ञान शिकवायचे, मी गणित. सरांचं बोलणं ऐकून ऐकून माझ्या कपाळाला ज्या आठ्या पडल्या, त्या अजून गेलेल्या नाहीत.

सर मूळचे वरवट बकालचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचे. नोकरीसाठी इकडे आले आणि तीस वर्षं राहिले, पण बोली तिकडचीच ठेवली. पांढरा बुशशर्ट, कडक इस्त्री. इस्त्री अर्थात शोभाताईंची. खिशाला दोन पेन, कारण दोनपैकी कोणतं बरं चालतं याचा निकाल अजून लागलेला नव्हता. आणि काखेत एक लांब वही. त्या वहीच्या प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीनं एक उभी रेघ मारलेली असायची. रेघेच्या डावीकडे एक वस्तू, उजवीकडे दुसरी. दोन खडू, दोन छत्र्या, दोन बनियन, जालन्याला जाणाऱ्या दोन एसट्या. "दोन पाह्यल्याशिवाय एक घ्याचं नाई, मॅडम," हे त्यांचं ब्रीद. आठवड्यातून चारदा तरी ते मला ऐकवायचे आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय अशा तोंडानं ऐकवायचे.

मी एकदा विचारलं, की दोन पाहून झाल्यावर एक घेता का कधी? त्यावर ते म्हणाले, पाहून राह्यलो ना.

दोन वर्षं ते कुकर पाहत होते. एक आतल्या झाकणाचा, एक बाहेरच्या झाकणाचा. वहीची सहा पानं भरली. तोवर शोभाताई पातेल्यात डाळ शिजवत होत्या, ती शिजेपर्यंत दोन वेळा पाणी घालत होत्या. शेवटी भाऊबीजेला त्यांच्या भावानं एक कुकर आणून दिला. तो त्या दोन्हींपैकी नव्हताच, तिसऱ्याच कोणत्या तरी कंपनीचा होता. सरांना ते आवडलं नाही. त्यांचं पान अपुरं राहिलं.

सरांना स्वतःचा हात हलवायचा कंटाळा होता. कंटाळा हा शब्दही पुरा पडत नाही. हात ही गोष्ट वहीत लिहिण्यासाठी आणि भाकरी मोडण्यासाठी आहे, अशी त्यांची समजूत होती. शिक्षकांच्या खोलीत पाण्याचा माठ त्यांच्या पाठीमागे होता. मागे न वळता ते रिकामा ग्लास हवेत धरायचे आणि जो कोणी जवळून जाईल त्यानं तो भरून द्यायचा. मीही भरून दिलाय, लाज वाटते सांगायला.

घरी तर विचारूच नका. एकदा मी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले होते. सर पुढच्या खोलीत दिवाणावर पडलेले, माठ त्यांच्या उजव्या हाताला, हात लांब केला असता तर झाकण निघालं असतं. शोभाताई मागच्या अंगणात कपडे धूत होत्या. सरांनी हाक मारली, शोभा, पाणी. त्या पदराला हात पुसत आल्या, ग्लास भरून दिला, सरांचं पिऊन होईस्तोवर उभ्या राहिल्या, रिकामा ग्लास घेतला आणि परत गेल्या. त्यांचाही घसा कोरडा असेल, ऊन होतं, पण पाणी प्यायला त्या थांबल्या नाहीत. मला राहवलं नाही. म्हटलं, सर, माठापर्यंत हात पोचतो की तुमचा.

"पोचते ना," सर म्हणाले. "पण तिले सवय हाय."

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. वाईट माणूस असता तर भांडता आलं असतं. हा नुसता बसलेला माणूस होता.

रिटायर व्हायला तीन वर्षं राहिली असताना घड्याळाचं खूळ डोक्यात शिरलं. गुरांचे डॉक्टर सोनुने पालक-सभेला आले होते. त्यांच्या हातात ते निळं घड्याळ होतं. सेल नाही, चावी नाही, हाताच्या हालचालीवर आतलं चक्र फिरतं आणि घड्याळ आपोआप चालतं. सरांनी सभा सोडून त्यांचं मनगट धरून ठेवलं. सोनुने डॉक्टरांचा हात दिवसभर गाईम्हशींत चालतो, त्यांना ते घड्याळ शोभत होतं. सरांना मात्र त्यातलं 'आपोआप' तेवढं ऐकू आलं.

पुढच्याच रविवारी ते जालन्याला गेले आणि तिथल्या एका दुकानात त्यांना त्याच्या तोडीचं काळं सापडलं. झालं. वहीत नव्या पानावर रेघ पडली, डावीकडे काळं, उजवीकडे निळं. किंमत दोन्हींची साधारण सारखी, ना फार ना थोडी. काळ्याची काच साधी, निळ्याची ओरखडा न पडणारी. काळं काढून ठेवलं तर दीड दिवस चालतं, निळं तीन दिवस. काळं दोनशे मीटर पाण्यात टिकतं, निळं तीनशे. या शंभर मीटरवर सर जवळजवळ एक वर्ष अडून होते. मी म्हटलं, सर, तुम्हाला पोहता येतं का? नाही. नदीत पाय तरी घालता का? नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात बादलीचा तळ दिसतो आणि तुम्ही तीनशे मीटरचं काय घेऊन बसलात?

"शंभर मीटरचा फरक हाय, मॅडम. कमी नाई," ते म्हणाले, आणि वहीत डोकं घातलं.

मग मोबाइल आला मदतीला. ऑफ तासाला खडूच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवायचा. त्यात कोणी एक हातमोजेवाला तरुण एक घड्याळ उलटंपालटं करत अर्धा तास बोलणार आणि शेवटी सांगणार की दोन्ही चांगली आहेत, तुम्ही तुमच्या आवडीनं घ्या. हे ऐकायला अर्धा तास. आणि सर त्याची टिपणं काढायचे. घड्याळाच्या काचेभोवती एक फिरती कडी असते. पाणबुड्याला आपली हवा किती मिनिटं पुरेल हे तिच्यावरून कळतं. सोनुने डॉक्टरांकडून रविवारपुरतं मागून आणलेलं निळं घड्याळ सोमवारी दुपारपर्यंत सरांच्या हातात राहायचं, आणि त्या कडीवर सर ऑफ तास संपायला किती वेळ आहे ते पाहायचे. तो संपला तरी उठायचे नाहीत. पाचवीच्या वर्गात तेव्हा पोरं बाकांवर उभी असायची आणि ती कोणाची, हे मी सांगत नाही.

दोन्ही घड्याळं खेळाडूंची, म्हणून त्या वर्षी क्रीडास्पर्धेत वेळ नोंदवायला सर आपणहून पुढं आले. मांडवात खुर्ची, एका हातात मोबाइल, दुसऱ्या मनगटावर मागून आणलेलं निळं. मुलींची शंभर मीटरची शर्यत झाली. मुली पोचल्या, धापा टाकत गुडघ्यांवर वाकल्या. सर अजून मोबाइलकडून घड्याळाकडे आणि घड्याळाकडून मोबाइलकडे पाहत होते. मग म्हणाले, दोन्हींत फरक येऊन राह्यला, पुन्हा पळवा. माझ्या वर्गातल्या होत्या त्या. भर उन्हात, अनवाणी, मुली पुन्हा पळाल्या. पहिल्यांदा जिंकलेली दुसऱ्यांदा तिसरी आली आणि तेच वहीत नोंदलं गेलं. त्या दिवशी मी सरांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

पण खरा कळस झाला तो हुरड्याला. आमच्या शाळेतल्या एका सरांचं दुसरबीडला शेत आहे. दर वर्षी थंडीत ते सगळ्यांना सहकुटुंब हुरडा खायला बोलावतात. त्या वर्षी सोनुने डॉक्टरही होते. त्यांच्याकडून निळं घड्याळ घेऊन सर विहिरीकडे निघाले. पाण्यात चालतं की नाही हे कंपनी सांगते, आपण कुठं पाह्यलं? असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी नायलॉनच्या दोरीला घड्याळाचा पट्टा बांधला आणि दोरी विहिरीत सोडली. दोरीवर खडूनं मीटरच्या खुणा केल्या होत्या. विहिरीत पाणी दीड पुरुष. तीनशे मीटर कसे मोजणार होते, देव जाणे. गाठ मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं मारली होती. आयुष्यातली बहुधा पहिलीच. ती सुटली.

काठावर पंधरा-वीस माणसं. सर वहीकडे पाहत उभे. व्यायाम शिकवणारे सर म्हणाले, माझा हुरडा जास्त झालाय. बाकीच्या पुरुषांना विहिरीच्या पायऱ्या एकाएकी निसरड्या दिसायला लागल्या. सोनुने डॉक्टरांचं तोंड उतरलं होतं. तेवढ्यात शोभाताईंनी चपला काढल्या, पदर खोचला, कासोटा घातला. माहेरच्या विहिरीत लहानपणी पोहायला शिकलेल्या, त्यालाही चाळीस वर्षं झालेली. आम्ही बायका काठावर उभ्या राहिलो आणि पुरुषांना मागं फिरायला सांगितलं. त्या पायऱ्या उतरल्या आणि बुडी मारली. वर आल्या, रिकाम्या हातांनी. दुसऱ्यांदा गेल्या, तेव्हाही रिकाम्या. तिसऱ्या वेळी इतका वेळ लागला की माझ्या शेजारच्या बाईनं माझा दंड घट्ट धरला. मग पाणी फुटलं आणि त्यांचा हात वर आला. मुठीत घड्याळ होतं.

त्या थरथरत वर आल्या, ओठ काळेनिळे झालेले. आम्ही शाली गुंडाळत होतो. तेव्हा पाठमोऱ्या उभ्या असलेल्या सरांनी पहिला प्रश्न विचारला.

"चालू हाय का?"

शोभाताईंनी घड्याळ कानाला लावलं. "हाव जी, चालू हाय," त्या म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते.

सरांनी लिहिलं, 'निळं : विहिरीत पंचेचाळीस मिनिटं, चालू.' नंतर मी वही ओढून पाहिली. विहिरीतून ते कोणी काढलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरी येऊन भाकरी थापताना मोठ्यानं बोलत होते आणि माझ्या नवऱ्याला वाटलं की त्याचंच काही चुकलंय.

सोनुने डॉक्टरांनी ते घड्याळ परत घेतलं नाही. विहिरीत पडलेलं नको, मला नवीन आणून द्या, असं त्यांनी हसत पण स्पष्ट सांगितलं. म्हणजे निळं सरांच्या गळ्यात पडलं. आयुष्यातली ही त्यांची पहिलीच खरेदी, जी तुलना पुरी न होता झाली. त्यानं ते इतके अस्वस्थ झाले की पुढच्या महिन्यात जालन्याला जाऊन काळंही घेऊन आले. दोन्ही घरात असल्याशिवाय आता नीट पाहता यायचं नाही, असं म्हणाले. दोन पाहून एक घ्यायचं, असं जन्मभर सांगणाऱ्या माणसानं दोन्ही घेतली आणि तरी वही मिटली नाही.

मेच्या सुट्टीत दोन्ही घड्याळं बंद पडायला लागली. हा आठवडा हे घालायचं, पुढचा ते, असा क्रम होता. काळं तीन दिवसांत थांबलं. निळं पाच दिवसांत. घड्याळ हातात असताना थांबलं, हे विशेष. सर चिडून जालन्याला गेले. दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर होते, यासीनभाई. त्यांनी काळं उघडलं, भिंगातून पाहिलं, बंद केलं. मग निळं उघडलं. मग भिंग काढून सरांना निरखून पाहिलं.

"सर, बुरा मत मानो," ते म्हणाले. "घर में पानी कौन भरता?"

सरांनी सांगितलं, आमची मंडळी. यासीनभाईंनी मान हलवली आणि दोन्ही घड्याळं पुढं सरकवली. इनमें कुछ ख़राबी नहीं, आठ रोज़ उनको पहनाओ, असं सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले.

सरांनी सांगितल्याप्रमाणे केलं. शोभाताईंनी आठ दिवस काळं घातलं, आठ दिवस निळं. पाणी भरलं, कपडे आपटले, कणीक तिंबली, पापड लाटले. घड्याळं एकदाही थांबली नाहीत. काढून खुंटीला टांगली तरी कंपनीनं सांगितलं होतं तेवढी पुरेपूर चालत राहिली. शाळा सुरू झाल्यावर सरांनी आपणहून हा सगळा प्रकार आम्हाला सांगितला, यासीनभाईंच्या प्रश्नासकट. आम्ही बायका एकमेकींकडे पाहायलाही घाबरत होतो.

"घड्याळात दोष नाई, मॅडम," सर समाधानानं म्हणाले.

नाहीच, मी म्हटलं. मला त्यांचा इतका राग आला होता की हसूही धड येईना. तीस वर्षं शोभाताईंनी जे तोंडानं सांगितलं नाही ते एका यंत्रानं थांबून दाखवलं, आणि तरीही या माणसाला वाटलं की परीक्षा यंत्राची चालली आहे.

रिटायर झाले तेव्हा शाळेनं शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. दोन पाहून घेतलं होतं का, असं त्यांनी हळूच कारकुनाला विचारलं. श्रावणात बिऱ्हाड वरवट बकालला गेलं. जाताना शोभाताई माझ्या गळ्यात पडून रडल्या. सरांनी मला दोन एसट्यांच्या वेळा लिहून दिल्या, यायचं झालं तर कोणती बरी ते पाहा म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर शोभाताईंचा फोन आला. सरांना लकवा मारला होता, डावी बाजू गेली होती, अकोल्याच्या दवाखान्यात होते. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं आलं ते शोभाताईंचं. आता हा माणूस खरोखरच बसला, आणि आता त्याला कारणही मिळालं. वाक्य मनात आलं तेव्हाच मला स्वतःची किळस आली. पण आलं ते आलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात परत यायचा असेल तर बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतो. नंतर आशा कमी. बोलणं आलं, पाय थोडा आला, काठी घेऊन मोरीपर्यंत जाऊ लागले. हात मात्र आला नाही. सहावा महिना सरत आला तेव्हा मी वरवट बकालला गेले. चिखली, खामगाव, शेगाव, तीन गाड्या बदलून, त्यांनी लिहून दिलेल्यांपैकी एकही वेळ न पाळता.

सर ओसरीत खुर्चीवर होते. वाळले होते. डावा हात मांडीवर ठेवलेला आणि त्यावर निळं घड्याळ, बंद. शोभाताई हंडा घेऊन आल्या. त्या भागात बोअरचं पाणी खारं, प्यायचं पाणी टाकीवरून आणावं लागतं. हंडा उतरवताना त्यांच्या बांगड्यांमागचं काळं घड्याळ मी पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या डोक्यात जाळ झाला.

मी म्हटलं, सर, अजूनही तुलनाच? या बाईनं आता तुमच्यासाठी घड्याळही चालवून दाखवायचं?

शोभाताईच म्हणाल्या की रोज सकाळ-संध्याकाळ त्या त्यांच्या हाताचा व्यायाम घेतात. तेव्हा सर निळं घड्याळ काढून कोनाड्यात ठेवायला लावतात. एकदा त्यांनी ते हातातच राहू दिलं होतं. हात वरखाली केला तसं घड्याळ चालू झालं. त्यांना वाटलं, सर खूश होतील. सरांनी ते तिथल्या तिथं उतरवायला लावलं आणि बंद पडेपर्यंत पुन्हा घातलं नाही.

"तू हलवलं त ते तुह्यं चालणं झालं, म्हंतेत," शोभाताई म्हणाल्या. "माह्यं कुठी हाय, असं इचारतेत."

सरांनी उजव्या हातानं खुर्चीतल्या उशीखालून वही काढून माझ्यापुढं धरली. तीच लांब वही. पानाच्या मधोमध रेघ, जरा वाकडी. डावीकडे 'काळं' लिहून खोडलं होतं आणि 'शोभा' लिहिलं होतं. उजवीकडे 'निळं' खोडून 'मी'. मी पानं उलटत गेले. शोभाच्या बाजूला बारीक अक्षरांत दिवस भरलेले होते. पहाटे उठली. हंडे तीन. मला उठवलं. मोरीत नेलं. भाकरी. मालिश. दळण. पुन्हा उठवलं. खाली जागा पुरली नाही म्हणून समासात लिहिलेलं. उजवीकडे रोज एकच ओळ. 'ग्लास : नाही.' दुसऱ्या दिवशी, 'ग्लास : नाही.' मी बरीच पानं मागं गेले, पुढं आले. दुसरं काही नव्हतं.

"कॉलमच चुकीचे पाडले व्हते, मॅडम," सर म्हणाले. जीभ अजून जड होती, शब्द घासत येत होते. "लय उशिरा पाह्यलं."

मी वही मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली. मी त्यांना माफ केलं, असं झालं नाही. मुली उन्हात दोनदा पळाल्या ते मला आठवत होतं, विहिरीचा काठही आठवत होता. शिवाय सहा महिने पानं भरण्यापेक्षा उजव्या हातानं, जो चांगला होता, एखादं भांडं विसळलं असतं तर काय बिघडलं असतं, हेही मनात आलं. ते मी बोलूनही दाखवलं. शोभाताई म्हणाल्या, आता विसळतेत कधी कधी, मीच पुन्हा घासतो.

त्यांनी माझ्यासाठी पाणी आणलं. दुसरा ग्लास सरांच्या जवळ, डाव्या बाजूला, स्टुलावर ठेवला. रोजचा असावा. मग त्या नेहमीसारख्या उभ्या राहिल्या, पदरानं मान पुसत.

"अवं, बस," सर म्हणाले.

स्टुलाच्या पलीकडे एक पाट होता. शोभाताई बसल्या, पण अर्ध्याच, चूल पेटलेली होती. सरांनी डोळे मिटले. डावा हात मांडीवरून घसरला आणि स्टुलाच्या कडेला अडकला. बोटं ग्लासापर्यंत जायला इतका वेळ लागला की माझा चहा असता तर निवला असता. शोभाताईंचा हात पुढं झाला. माझाही झाला.

"हात नोका लावू," सर म्हणाले.

बोटं ग्लासाला लागली आणि सुटली. पुन्हा लागली. मग ग्लास सरकायला लागला. उचलला वगैरे गेला नाही, सरकला, तोही तिरपा, स्टुलावर करकर वाजत. स्टूल ओलांडून पाण्याचा एक ओघळ सरांच्या मनगटावर आला. तीनशे मीटरचं घड्याळ शेवटी अर्ध्या ग्लासात भिजलं. ग्लास स्टुलाच्या पलीकडच्या कडेला, शोभाताईंच्या गुडघ्याशी, येऊन थांबला.

मी निळ्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदकाटा सरकत होता. सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण सर घड्याळाकडे पाहतच नव्हते आणि चालू आहे का असंही विचारत नव्हते. ते ग्लासाकडे पाहत होते, घामानं ओले झालेले.

"पी," ते म्हणाले.

शोभाताई पाटावर नीट बसल्या. त्यांनी ग्लास घेतला आणि उरलेलं पाणी सावकाश, बसून प्यायल्या.